वर्क परमिटवर कॅनडात घर: डाउन पेमेंटसाठी नागपूरचं घर तारण ठेवावं का?

मानेवाडेकर

नमस्कार मंडळी. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो त्याला काही वर्षं झाली. मानेवाड्याला स्वतःचं घर आहे, बेसा रोडला एक प्लॉट घेऊन ठेवला आहे, थोड्या एफडी आहेत. मुलगा आणि सूनबाई ओंटारिओ प्रांतात किचनरला असतात. दोघंही नोकरीत, दोघंही वर्क परमिटवर. पीआरचा, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याचा अर्ज टाकला आहे, निकाल कधी लागेल ते कोणी सांगत नाही. भाडं दरसाल वाढून राहिलं, म्हणून त्यांनी साडेसहा लाख डॉलरचं एक टाउनहाऊस पाहून ठेवलं. तिथली बँक कर्ज देते म्हणतात. डाउन पेमेंट आणि वरचा खर्च धरून साठेक हजार डॉलर लागतील, म्हणजे जवळपास चाळीस लाख रुपये. ते इथून द्यावे असं आम्हा दोघांचं मन आहे. एकुलता एक मुलगा आहे, शेवटी हे सगळं त्याचंच.

आता प्रश्न असे. नागरिक नसलेल्या माणसाला खरंच तिथे गृहकर्ज मिळतं का, की पुढे काही अडकतं? इथल्या एका बँकेने मानेवाड्याच्या घरावर तारण कर्ज देतो म्हणून सांगितलं, ते घ्यावं की बेसाचा प्लॉट काढावा? आणि मुलाचा आग्रह आहे की घराच्या कागदावर बाबांचंही नाव असावं. ते चालेल का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

तर्री

काका, बाकी हिशेब जाणकार सांगतीलच. पण राहतं घर गहाण? काऊन बाप्पा? पोराचं परमिट उद्या वाढलं नाही तर तो विमानात बसून परत कुठे येणार आहे? मानेवाड्यालाच ना? त्याच घरावर बँकेची नोटीस लागली तर तुम्ही तिघं-चौघं जाल कुठे? पेन्शनवर हप्ता ओढायचं वय नाही हे तुमचं.

वैदर्भी

काका, मी मूळची प्रतापनगरची, आता ओंटारिओतच राहते. आम्ही पीआर आल्यावर घर घेतलं, पण परमिटवर असताना सगळी चौकशी केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कर्ज मिळतं. बँकेला तुमचं नागरिकत्व नको असतं. परमिट किती दिवसांचं उरलं आहे, नोकरी पक्की आहे का, इथला क्रेडिट इतिहास किती जुना आहे आणि डाउन पेमेंटचा पैसा कुठून आला, एवढं ती पाहते. नागपुरातला सिबिल स्कोअर कितीही चांगला असला तरी तो आपोआप इथे येत नाही. इथे इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट स्कोअर ठेवणाऱ्या संस्थांकडे नव्याने खातं सुरू होतं. नवीन आलेल्यांसाठी बँकांच्या वेगळ्या योजना असतात, त्यात वर्षभराच्या भाड्याच्या आणि फोन-विजेच्या बिलांच्या पावत्याही चालतात.

डाउन पेमेंट पहिल्या पाच लाखांवर ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १० टक्के. म्हणजे साडेसहा लाखांच्या घरावर कमीत कमी ४०,००० डॉलर. वर्क परमिटवाल्यांकडून काही ठिकाणी जास्तही मागतात. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं की कर्जाचा विमा सक्तीचा होतो. तो बँकेच्या संरक्षणासाठी असतो, पैसे मात्र आपण भरायचे. या उदाहरणात ६,१०,००० च्या कर्जावर ४ टक्के, म्हणजे २४,४०० डॉलर कर्जात मिळवले जातात आणि त्यावरचा ८ टक्के प्रांतिक कर रोख भरावा लागतो.

परदेशी लोकांनी घरं घेण्यावर कॅनडात १ जानेवारी २०२३ पासून बंदी आहे, ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. वर्क परमिटवाल्यांना त्यातून सूट आहे, पण खरेदीच्या वेळी परमिटचे किमान १८३ दिवस उरलेले हवेत आणि एकच घर घेता येतं. दोघांच्याही परमिटच्या तारखा आजच बघून घ्या.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. मुलाने तुम्हाला एनआरएसटीबद्दल सांगितलं आहे का? अनिवासी सट्टा कर असं त्याचं नाव, पण नावावर जाऊ नका. जो नागरिक नाही आणि पीआरही नाही, त्याला ओंटारिओत घर घेताना हा कर लागतो, मग तो किचनरला राहून नोकरी करत असला तरीही. २५ ऑक्टोबर २०२२ पासून दर २५ टक्के आहे. कर्जावर नाही, घराच्या पूर्ण किमतीवर. साडेसहा लाखांवर १,६२,५०० डॉलर, तेही रजिस्ट्रीच्या दिवशी. बँक त्यासाठी कर्ज धरत नाही. तुमच्या साठ हजारांच्या अंदाजात हा आकडा दिसत नाही, म्हणून काळजी वाटली.

मानेवाडेकर

ताई, हे वाचून मी मुलाला लगेच फोन केला. त्याला हा कर माहीत होता, पण तो फक्त बाहेर राहून घरं घेणाऱ्यांना लागतो असं एजंटने त्याला सांगितलं होतं. एक कोटी रुपये होतात हो हे! इतके तर आमच्या मानेवाड्याच्या घराचेही येणार नाहीत.

वैदर्भी

काका, बंदी वेगळी आणि कर वेगळा. बंदी केंद्राची आहे, कर प्रांताचा. बंदीतून परमिटवाल्यांना सूट आहे, तीच करातही आहे असं अनेकजण समजून चालतात. पूर्वी ओंटारिओत परदेशी कामगारांना आणि विद्यार्थ्यांना हा कर परत मिळायची सोय होती, ती २९ मार्च २०२२ ला बंद केली. जुने लेख वाचून लोक अजूनही त्याच भरवशावर असतात. एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका, ओंटारिओतल्या रिअल इस्टेट वकिलाकडून लेखी घ्या. खरेदीला वकील लागतोच, मग ऑफर टाकायच्या आधीच गाठा.

दोन वाटा आहेत. ओंटारिओच्या प्रांतिक नामांकन योजनेत, म्हणजे पीआरसाठी प्रांत स्वतः नाव सुचवतो त्या योजनेत, त्याची निवड झाली असेल तर कर लागत नाही. आणि नवरा-बायकोपैकी एकाचं जरी पीआर झालं आणि दोघांनी मिळून घर घेतलं, तरी सुटका होते. म्हणून पीआरचा अर्ज कोणत्या योजनेतून आहे ते आधी विचारा.

मिहानवाला

जरा वेगळं मत मांडतो. माझा मावसभाऊ तिकडेच आहे. खरेदीनंतर चार वर्षांच्या आत पीआर मिळालं तर हा कर परत मिळतो असं तो सांगतो. मग अडचण कुठे आली? भाडं म्हणजे दर महिन्याला पाण्यात गेलेला पैसा. बेसाचंच बघा, ज्यांनी थांबू म्हटलं ते थांबूनच राहिले आणि प्लॉटचे भाव कुठच्या कुठे गेले. पोरं कमावती आहेत, हिंमत केली पाहिजे. आईबाप पाठीशी उभे आहेत, हे भाग्य किती जणांना मिळतं?

वैदर्भी

परत मिळतो हे बरोबर आहे. पण घर घेतल्यावर साठ दिवसांच्या आत तिथे राहायला जावं लागतं, पीआर झाल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि तोवर ती रक्कम आपल्या खिशातून गेलेली असते. पीआर नाही झालं तर ती गेली ती गेलीच. म्हणजे ज्या एका गोष्टीवर आपला काही ताबा नाही तिच्यावर एक कोटी लावायचे. दादा, मी याला हिंमत म्हणणार नाही.

भाड्याचंही बोलू. ६,३४,४०० चं कर्ज, व्याज साडेचार टक्के धरलं आणि मुदत २५ वर्षं, तर महिन्याचा हप्ता ३,५०० डॉलरच्या थोडा वर जातो. वरून मालमत्ता कर, हीटिंग, घराचा विमा, दुरुस्ती. पहिल्या वर्षांत या हप्त्यातला मोठा भाग व्याजाचाच असतो, तोही परत येत नाही. आणि इथे राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची आयकरात सूट मिळत नाही, भारतातली सवय इथे उपयोगाची नाही.

मंजुरी देताना बँक साडेचार टक्क्यांवर हिशेब करतच नाही. ठरलेला दर अधिक २ टक्के किंवा ५.२५ टक्के, यातला जो मोठा असेल तो धरते. म्हणजे साडेसहा टक्के. तेव्हा हप्ता ४,२५० च्या घरात जातो. घराचा एकूण खर्च पगाराच्या ३९ टक्क्यांत बसायला हवा, त्यामुळे दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न एक लाख पंचेचाळीस हजार डॉलरच्या आसपास लागेल. काका, दोघांचा पगार मिळून तेवढा आहे का ते त्यांना विचारा. आणि सूनबाईंचं परमिट मुलाच्या परमिटवर अवलंबून असेल, तर एकाचं अडलं की दोन्ही पगार थांबतात.

धंतोलीची सीए

मी नागपूरकडची बाजू लिहिते. कॅनडाचं वर आलंच आहे.

पैसे पाठवायचा सरळ रस्ता म्हणजे रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना. माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत. पॅन, फॉर्म ए-२, आणि स्वतःच्या खात्यातला पैसा. तुमची आणि काकूंची मर्यादा वेगवेगळी, पण काकूंच्या नावाने जाणारा पैसा काकूंचाच असावा. एका माणसाने वर्षात दहा लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापते. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा सात लाख होती. वेगवेगळ्या बँकांतून पाठवून ती वाढत नाही, पॅनवर सगळं एकत्र मोजलं जातं.

टीसीएस हा खर्च नाही, रिटर्न भरल्यावर तो करातून वळता होतो किंवा परत येतो. पण पेन्शनवाल्या माणसाचा कर मुळात थोडा असतो, त्यामुळे मोठी रक्कम परतावा येईपर्यंत अडकून राहते. दोघांनी वीस-वीस लाख एकदम पाठवले तर प्रत्येकी दोन लाख असे चार लाख जास्तीचे बाजूला काढावे लागतील. तेच प्रत्येकी दहा लाख मार्चमध्ये आणि दहा एप्रिलमध्ये पाठवले तर टीसीएस शून्य. यात काही आडमार्ग नाही, फक्त आधीपासून तारखा ठरवायला हव्यात. कॅनडातली बँक पैशाचा नव्वद दिवसांचा माग विचारते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून तसाही उपयोग नसतो.

आता तारण कर्ज. काका, ते मनातून काढून टाका. एलआरएसमधून भांडवली व्यवहारासाठी पैसा पाठवायला बँकांनी कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि परदेशात घर घेणं हा भांडवली व्यवहारच. गिफ्ट म्हणून पाठवतो म्हटलं तरी इथली बँक कर्जाचा वापर काय ते लिहून मागेल. तिथे 'घराची दुरुस्ती' लिहून पैसा कॅनडाला गेला, तर ते खोटं निवेदन झालं, आणि खाली सही तुमची असेल. दुसऱ्या टोकाला मुलाची बँक तुमच्याकडून गिफ्ट लेटर घेईल, की ही रक्कम परत घ्यायची नाही. मुलगाच इथला हप्ता भरणार असेल तर तेही खरं राहत नाही. दोन देशांत दोन कागद, आणि दोन्हीवर गडबड.

प्लॉट कोणाच्या नावावर आहे आणि कधी घेतला?

मानेवाडेकर

प्लॉट माझ्याच नावावर, २००६ चा. आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित असल्याचा कागद आहे.

धंतोलीची सीए

मग बरं आहे. आरएल असल्यामुळे घेणाऱ्यालाही बँकेचं कर्ज मिळेल, भावात पडतं घ्यावं लागणार नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेवर निवासी व्यक्तीला दोन्ही पद्धतींनी कर काढून बघता येतो: इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) न घेता साडेबारा टक्के, किंवा इंडेक्सेशन घेऊन वीस टक्के. जो कमी येईल तो. पण नफा घरात गुंतवला की कर वाचतो, ही सवलत २०१४ च्या दुरुस्तीपासून फक्त भारतातल्या घराला आहे. किचनरचं घर त्यात धरत नाहीत. हे बरेच जण प्लॉट विकून झाल्यावर विचारायला येतात.

आणि कोणी म्हणालं की आधी मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून मग विका, तर ऐकू नका. तो अनिवासी आहे. त्याने विकलं की घेणाऱ्याला टीडीएस जास्त कापावा लागतो, इंडेक्सेशनचा पर्याय त्याला नाही, आणि पैसा एनआरओ खात्यातून बाहेर न्यायला सीएच्या प्रमाणपत्रासकट कागदपत्रं करावी लागतात.

नरखेडचा

आमच्याकडे एकाने संत्र्याच्या बागेचे पैसे 'ओळखीतून' पाठवले. इथे रोख द्यायचे, तिकडे डॉलर मिळतात. टीसीएस नाही, फॉर्म नाही. हे कितपत बरोबर आहे?

धंतोलीची सीए

अजिबात नाही. ती हवाला आहे. फेमा या परकीय चलन कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटपर्यंत दंड होऊ शकतो. आणि ज्या कामासाठी पैसा पाठवला ते कामही होत नाही, कारण तिथली बँक विचारणार की हे डॉलर कोणाच्या खात्यातून आले, आणि दाखवायला काहीच नसणार. पीआरचा अर्ज चालू असलेल्या मुलाच्या खात्यात असा पैसा कृपा करून टाकू नका. बागेचा पैसा तर मुळात स्वच्छ असतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तो खात्यात घ्या आणि खात्यातून पाठवा.

श्टुटगार्टहून

मी व्हीएनआयटीचा, आता जर्मनीत. विषय कॅनडाचा आहे, तरी तुलनेसाठी थोडं लिहितो. इथे परदेशी माणसावर घर घेण्याची बंदी नाही आणि वेगळा करही नाही. सगळ्यांना सारखाच खरेदी कर, राज्यानुसार साडेतीन ते साडेसहा टक्के, आमच्या राज्यात पाच. नोटरी आणि नोंदणीचे दीड-दोन टक्के, दलालाचे वेगळे. हा सगळा वरचा खर्च स्वतःच्या खिशातून भरता आला पाहिजे, असं बहुतेक बँकांचं म्हणणं असतं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या वर्क परमिटवर, कर्ज मिळतं, पण कायम वास्तव्याचा परवाना हातात असला की बँकेचं बोलणंच बदलतं. तो ब्लू कार्डवर २७ महिन्यांत मिळतो, जर्मन भाषेची बी-१ पातळी असेल तर २१ महिन्यांत. म्हणून मी इथल्या नवीन मुलांना सांगतो, आधी भाषा करा, मग घर बघा.

एक चांगली गोष्ट म्हणजे व्याजदर दहा-पंधरा वर्षांसाठी बांधून घेता येतो, आणि दहा वर्षांनंतर सहा महिन्यांची सूचना देऊन दंड न भरता कर्ज फेडता येतं. कॅनडात पाच वर्षांनी दर बदलतो ना?

वैदर्भी

हो, सर्वसाधारण करार पाच वर्षांचा असतो, पुढे त्या दिवशीचा दर. आणि स्थिर दराचा करार मध्येच मोडला तर तीन महिन्यांचं व्याज किंवा दरातल्या फरकाची रक्कम, जे जास्त असेल ते द्यावं लागतं. परमिटवर असताना याचा विचार हवाच, कारण परत जायची वेळ आलीच तर ती बँकेचा करार बघून येत नाही.

ऑस्टिनकर

अमेरिकेत जाणाऱ्यांसाठी: एच-१बी वाल्यांना एफएचएचं (सरकारी हमीचं) कर्ज २५ मे २०२५ पासून बंद झालं. साधं कन्व्हेन्शनल कर्ज मिळतं. सध्या एवढंच, सविस्तर वेगळ्या धाग्यात लिहीन.

मिहानवाला

वैदर्भीताईंचा हिशेब पटला. ओंटारिओत थांबणं बरोबर. पण मग अल्बर्टात का नाही? तिथे असा कर नाही म्हणतात.

वैदर्भी

अल्बर्टात हा कर नाही, बरोबर. ब्रिटिश कोलंबियाच्या ठरावीक भागांत २० टक्के आहे. आणि टोरांटो शहरात तर ओंटारिओच्या २५ टक्क्यांवर १ जानेवारी २०२५ पासून महापालिकेचे आणखी १० टक्के. पण घरासाठी प्रांत बदलायचा तर नोकरी तिथे हवी. बंदिस्त परमिट असेल, म्हणजे एकाच मालकाचं, तर ते आपल्या हातात नसतं. पीआरचा अर्ज ओंटारिओच्या योजनेतून असेल तर प्रांत सोडणं अर्जालाही महागात पडू शकतं.

काका, तुमच्या नावाचं राहिलंच. घराच्या कागदावर तुमचं नाव अजिबात नको. तुम्ही कॅनडात राहत नाही, वर्क परमिट नाही, त्यामुळे बंदी तुम्हाला थेट लागू होते. आणि ओंटारिओचा कर एक जरी मालक परदेशी असला तरी पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे उद्या मुलाचं पीआर झालं आणि प्रेमाने बाबांचं नाव घातलं, तर त्या एका नावामुळे २५ टक्के भरावे लागतील. मुलाची भावना चांगली आहे, ती त्याने दुसऱ्या रीतीने पूर्ण करावी.

थांबण्याचा काळ वाया जाणार नाही असंही सांगते. पहिलं घर घेणाऱ्यांसाठी इथे एफएचएसए नावाचं खातं आहे, पीआर नसलं तरी इथे राहणाऱ्याला उघडता येतं. वर्षाला माणशी ८,००० डॉलर, एकूण ४०,००० पर्यंत. भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि घरासाठी काढताना करमुक्त मिळते. दोघांनी उघडलं तर वर्षाला १६,००० झाले. अट एकच नीट बघा: या वर्षी किंवा आधीच्या चार वर्षांत स्वतःच्या मालकीच्या घरात राहिलेलं नसावं, आणि त्यात भारतातलं घरही धरतात. नागपुरात मुलाच्या नावावर फ्लॅट होता का?

मानेवाडेकर

नाही, त्याच्या नावावर इथे काहीच नाही. मानेवाड्याचं घर माझ्या आणि सौ.च्या नावावर.

काल रात्री तासभर बोलणं झालं. अर्ज केंद्राच्या एक्सप्रेस एंट्रीतून आहे, ओंटारिओचं नामांकन नाही, म्हणजे आज घेतलं तर कर लागणारच. टाउनहाऊस सोडायचं ठरलं. सूनबाईला वाईट वाटलं, तिने स्वयंपाकघराचे फोटो सगळ्यांना पाठवले होते. पण तिनेच मग परमिटच्या तारखा काढून सांगितल्या. मुलाच्या परमिटचे सात महिने उरले आहेत. घराची रजिस्ट्री दोन महिने लांबली असती तर १८३ दिवसांच्याही खाली गेलो असतो.

तारण कर्ज नको असं बँकेला कळवून टाकलं. प्लॉट सध्या विकत नाही. एफडीतले माझे नऊ लाख या वर्षी पाठवतो, त्यातून दोघंही ते एफएचएसए खातं उघडतील. सौ.च्या एफडी एप्रिलनंतर बघू. सीए ताई, एवढ्या रकमेला काय काय न्यावं लागेल? आमची शाखा मानेवाडा चौकातली आहे, तिथे परदेशी व्यवहार होतात की नाही तेही माहीत नाही.

धंतोलीची सीए

शाखेत आधी विचारून घ्या. सगळ्या शाखा परकीय चलनाचं काम करत नाहीत, बऱ्याच जणांना त्याच बँकेच्या सिव्हिल लाइन्स किंवा सीताबर्डीच्या शाखेत पाठवतात. पॅन, आधार, एफडी मोडल्याची किंवा मुदत भरल्याची पावती, मुलाच्या पासपोर्टची आणि परमिटची प्रत, आणि त्याच्या खात्याचा पूर्ण तपशील: बँकेचा स्विफ्ट कोड, ट्रान्झिट नंबर, पत्ता. उद्देशाच्या रकान्यात जवळच्या नातेवाइकाला भेट असंच लिहा, आणि एक साधं गिफ्ट डीड करून दोघांकडे ठेवा. एफडी मुदतीपूर्वी मोडत असाल तर व्याज किती कापलं जातं ते विचारा. मुदत दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर थांबा, मात्र ३१ मार्च उलटू देऊ नका.

तर्री

काका, घर वाचलं ते बरं झालं. सौ.च्या एफडीला वारस म्हणून नाव लावलं आहे का तेही त्याच फेरीत बघून या.